कंपनी एस्टोनियात, खुर्ची सांगलीत

प्रश्न: मी ३६ वर्षांचा असून सांगलीत राहतो. गेली सहा वर्षे घरून वेबसाइट आणि मोबाइल ॲप तयार करण्याची कामे करतो. वर्षाची जमा सुमारे २८ लाख रुपये आहे. ती सगळी बँकेतूनच येते आणि माझी जीएसटी नोंदणीही आहे. ग्राहकांपैकी एका जर्मन कंपनीने अलीकडे कळवले की, बिल युरोपीय संघातील कंपनीकडून आले तर त्यांना सोपे जाईल. त्यानंतर मी एक व्हिडिओ पाहिला. त्यात म्हटले आहे की, एस्टोनियात पाऊलही न ठेवता, एका सेंटच्या भांडवलावर, पंधरा मिनिटांत कंपनी काढता येते आणि नफा कंपनीतच ठेवला तर कर शून्य. हेलसिंकीत राहणारा माझा कॉलेजचा मित्र आणि मी दंतवैद्यांच्या अपॉइंटमेंटसाठी एक सॉफ्टवेअरही बनवत आहोत. तेही याच कंपनीतून विकावे, असा विचार आहे. कंपनी काढावी का? आणि ई-रेसिडेन्सी मिळाल्यावर मला व पत्नीला युरोपचा व्हिसा लवकर मिळेल का? (म. कु., सांगली)

प्रिय म. कु.,

व्हिडिओकडे थोडे नंतर येऊ. तुमचा हा सगळा विचार जर्मन ग्राहकाच्या एका वाक्यावरून सुरू झाला आहे आणि त्या वाक्याचा अर्थ तुम्ही त्यांना अजून विचारलेला दिसत नाही. ‘सोपे जाईल’ म्हणजे नेमके काय सोपे जाईल? अशा वाक्यामागे बहुधा दोनांपैकी एक अडचण असते: एक तर व्हॅटची, नाही तर पैसे पाठवण्याची. या दोन्हींवर कंपनी न काढता उपाय आहे.

व्हॅटचे आधी पाहू. तुम्ही सांगलीतून जर्मन कंपनीला सेवा देता, तेव्हा त्या सेवेवरचा व्हॅट तुम्ही आकारायचा नसतो. रिव्हर्स चार्ज पद्धतीने ती कंपनीच तो आपल्या विवरणपत्रात दाखवते आणि बहुतेक वेळा त्याच विवरणपत्रात वजाही करून घेते. गंमत अशी की, उद्या हेच बिल तुमच्या एस्टोनियन कंपनीने दिले, तरी दोन कंपन्यांमधल्या व्यवहारात हीच पद्धत लागू होईल. ग्राहकाच्या लेखा विभागाचे काम एका ओळीनेही कमी होणार नाही. फार तर तुमच्या बिलावर एस्टोनियाचा व्हॅट क्रमांक दिसेल. तेव्हा बिलावर रिव्हर्स चार्जचा स्पष्ट उल्लेख करा आणि ग्राहकाचा व्हॅट क्रमांक न चुकता लिहा. पुष्कळदा तेवढ्यानेच त्यांचे समाधान होते.

अडचण पैसे पाठवण्याची असेल, म्हणजे परदेशी बँकेत रक्कम पाठवताना त्यांना शुल्क पडते किंवा जादा परवानग्या घ्याव्या लागतात असे असेल, तर त्यावरचा उपायही आता भारतातच आहे. रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी सीमापार पेमेंट ॲग्रिगेटरांसाठी, म्हणजे परदेशी ग्राहकांकडून येणारे पैसे गोळा करून देणाऱ्या संस्थांसाठी, नियम काढले. या व्यवस्थेतल्या काही संस्था तुमच्या नावे युरोपातला खाते क्रमांक देतात. ग्राहक त्यात नेहमीच्या स्थानिक पद्धतीने युरो भरतो आणि तुमच्या भारतातील खात्यात रुपये जमा होतात. निवड करताना ती संस्था रिझर्व्ह बँकेच्या यादीत आहे का आणि परकीय आवक रकमेचा दाखला वेळेवर देते का, एवढे दोन प्रश्न विचारा. निर्यातीवर जीएसटी लागू नये म्हणून तुम्ही दरवर्षी एलयूटी, म्हणजे हमीपत्र, भरत असाल. तो दाखला नसेल तर पुढे तिथेच घोडे अडते.

तिसरी शक्यताही आहे. काही मोठ्या कंपन्यांचे धोरणच असे असते की, पुरवठादार युरोपीय संघातला हवा. आणि त्यामागे बहुधा व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचे कारण असते. ते कारण निघाले, तर एस्टोनियाचा पत्ता जपूनच वापरायला हवा. त्यांच्या ग्राहकांची माहिती तुम्ही सांगलीतल्या संगणकावर उघडून पाहता, तोवर ती युरोपाबाहेर जातेच, मग बिलावर पत्ता कुठलाही असो. अशा वेळी माहिती युरोपाबाहेर पाठवण्यासाठीची युरोपीय आयोगाची प्रमाणित करारकलमे जोडून थेट तुमच्याशीच करार करणे अधिक सरळ आणि अधिक प्रामाणिक आहे.

आता व्हिडिओकडे वळू. त्यात खोटे काही सांगितलेले नाही. फक्त सांगणारा जिथे थांबला, तिथून पुढचे तुम्हाला माहीत असायला हवे. एस्टोनिया हा जेमतेम तेरा-चौदा लाख लोकवस्तीचा देश. १ डिसेंबर २०१४ रोजी त्याने परदेशी नागरिकांना डिजिटल ओळखपत्र, म्हणजेच ई-रेसिडेन्सीचे कार्ड, द्यायला सुरुवात केली आणि आजवर लाखाहून अधिक लोकांनी ते घेतले आहे. ‘ओसाउहिंग’ ही तिथली मर्यादित दायित्वाची खासगी कंपनी. तिच्यासाठी पूर्वी २,५०० युरो भांडवल लागे. ती अट फेब्रुवारी २०२३ मध्ये गेली, त्यामुळे एका सेंटची गोष्ट खरी आहे. कार्ड हाती असेल, तर ऑनलाइन अर्ज भरण्याचे काम पंधरा-वीस मिनिटांत होते, हेही खरे आहे. मात्र कार्डाचे शुल्क दीडशे युरोंच्या घरात आहे, कंपनी नोंदणीचे शासकीय शुल्क २६५ युरो आहे, आणि ते कार्ड घ्यायला बोटांचे ठसे देण्यासाठी तुम्हाला स्वतः जावे लागते, म्हणजे नवी दिल्लीतील एस्टोनियाच्या दूतावासापर्यंतचा प्रवास आला.

पुढचा खर्च दरवर्षीचा आहे. संचालक परदेशात राहत असेल, तर एस्टोनियात कायदेशीर पत्ता आणि परवानाधारक संपर्क व्यक्ती ठेवावी लागते. त्याचे वर्षाला काही शे युरो होतात. हिशेब एस्टोनियन पद्धतीने ठेवायचे आणि आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत वार्षिक अहवाल भरायचा, म्हणजे तिथला लेखापाल आला. तो महिन्याला पन्नास-शंभर युरोंपासून पुढे घेतो. सगळे मिळून वर्षाला हजार-दीड हजार युरो धरा. एक युरो शंभर रुपये धरला, तर हे एक ते दीड लाख रुपये झाले. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, अशी ही गत आहे. शिवाय तिथल्या बँका एस्टोनियाशी प्रत्यक्ष संबंध नसलेल्या मालकांच्या कंपन्यांना खाते द्यायला नाखूश असतात. डेन्मार्कच्या डान्स्के बँकेच्या एस्टोनिया शाखेतून काळा पैसा पांढरा केल्याचे प्रकरण २०१८ साली जगभर गाजले आणि त्यानंतर ही सावधगिरी आणखी वाढली. नोंदलेली कंपनी आहे, पण खाते नाही, अशा अवस्थेत महिनेच्या महिने काढलेले लोक मी पाहिले आहेत.

‘कर शून्य’ या दोन शब्दांवर मात्र सविस्तर थांबले पाहिजे. एस्टोनियाने १ जानेवारी २००० पासून एक वेगळी पद्धत स्वीकारली: कंपनीने नफा कमावला म्हणून कर नाही, नफा वाटला की कर. २०२५ पासून हा दर वाटपाच्या निव्वळ रकमेवर २२/७८ आहे. म्हणजे १०,००० युरोंचा नफा वाटायला काढला, तर २,२०० कर म्हणून जातात आणि ७,८०० तुमच्या हाती येतात. ज्या मालकाला तो पैसा धंद्यातच पुन्हा गुंतवायचा आहे, त्याच्या दृष्टीने ही पद्धत उत्तम आहे. तुम्हाला मात्र या पैशातून घर चालवायचे आहे, म्हणजे तो बाहेर काढावाच लागणार.

आणि तो काढला नाही, तरीही सुटका नाही. कंपनी एस्टोनियात नोंदलेली असली, तरी काम करणारा, करार ठरवणारा आणि सही करणारा माणूस सांगलीतल्या खुर्चीत बसलेला आहे. त्यामुळे त्या कंपनीचा भारताशी व्यावसायिक संबंध आहे आणि इथल्या कामातून झालेला तिचा नफा भारतात करपात्र आहे, अशी भूमिका प्राप्तिकर खाते घेऊ शकते. परदेशी कंपनीसाठी तो दर ३५ टक्के आहे, वर उपकर वेगळा. भारत आणि एस्टोनिया यांच्यात २०११ साली दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार झालेला आहे, पण इथे स्थायी आस्थापना, म्हणजे कंपनीचे व्यवसायाचे कायमचे ठिकाण, आहे असे ठरले, तर त्या करारानेही भारताचा हक्क उरतोच. ‘प्रत्यक्ष व्यवस्थापनाचे ठिकाण भारतात, म्हणून सगळी कंपनीच भारतीय ठरेल’ अशी भीतीही काही सल्लागार घालतात. ती तुम्हाला लागू नाही, कारण वर्षाची उलाढाल ५० कोटी रुपयांपर्यंत असलेल्या कंपन्यांना ती कसोटी लावायची नाही, असे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २०१७ च्या परिपत्रकात स्पष्ट केले आहे. मात्र या सवलतीमुळे वर सांगितलेला व्यावसायिक संबंधाचा मुद्दा निकालात निघत नाही. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्यांची सरमिसळ करणारे व्हिडिओही पुष्कळ आहेत.

आता तुमचेच आकडे घेऊ. तुमचे काम माहिती तंत्रज्ञानाच्या व्यवसायात बसते असे धरले, तर व्यावसायिकांसाठीच्या अनुमानित करपद्धतीत जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवता येते. रोखीची जमा पाच टक्क्यांच्या आत असेल, तर ही मुभा ७५ लाखांपर्यंत आहे. २८ लाखांचे निम्मे म्हणजे १४ लाख. तुमचे दुसरे उत्पन्न नाही असे समजून नव्या करप्रणालीचे २०२५-२६ चे दर लावले, तर कर ९०,००० रुपये आणि चार टक्के उपकर धरून ९३,६०० रुपये होतो. आता हीच रक्कम एस्टोनियामार्गे आणून पाहा. दीड लाख खर्च वजा जाता २६.५ लाख नफा. तो वाटताना सुमारे ५ लाख ८३ हजार तिथे जातात. उरलेले २० लाख ६७ हजार तुमच्या हाती लाभांश म्हणून येतात. लाभांशाला निम्म्याची सवलत नाही, त्यामुळे त्यावर भारतात आणखी सुमारे सव्वादोन लाख कर लागतो. तिथे भरलेला कर कंपनीवरचा असल्यामुळे तो तुमच्या वैयक्तिक करातून वजा मिळेल, असे धरून चालू नका. थोडक्यात, पाऊण टक्काही न वाचवता तुम्ही ९३,६०० रुपयांच्या जागी आठ लाखांहून अधिक कर भरता, आणि दीड लाखाचा सांभाळखर्च वेगळाच.

यावर कोणी सुचवेल की, लाभांश घेऊ नका, पगार किंवा मानधन घ्या. तिथेही एक खड्डा आहे. एस्टोनियन कंपनीने संचालक मंडळाच्या सदस्याला दिलेले मानधन, तो सदस्य कुठेही राहत असला, तरी एस्टोनियात करपात्र असते: २२ टक्के प्राप्तिकर आणि त्यावर कंपनीने भरायचा ३३ टक्के सामाजिक कर. दुसरी वाट म्हणजे तुमच्या सांगलीच्या व्यवसायाने त्या कंपनीला बिल द्यायचे आणि सगळी रक्कम भारतात आणायची. हे करता येते, पण मग मधली कंपनी नुसती पैसे वाहून नेणारी नळी उरते. शिवाय स्वतःच्याच परदेशी कंपनीशी केलेला व्यवहार बाजारभावानेच झाला, असा लेखापालाचा स्वतंत्र अहवाल दरवर्षी द्यावा लागतो. रक्कम लहान आहे म्हणून त्यातून सूट नाही.

आता ज्याबद्दल तुम्ही पत्रात काहीच विचारलेले नाही, त्याविषयी. बँकेच्या परकीय चलन विभागात मी बरीच वर्षे काढली असल्यामुळे हे मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटते. भारतात राहणाऱ्या व्यक्तीने परदेशी कंपनीचे समभाग घेणे ही परदेशातील थेट गुंतवणूक ठरते आणि तिला २२ ऑगस्ट २०२२ पासूनचे नवे नियम लागू आहेत. भांडवल एक सेंट असले, तरी ते गुंतवणूकच असते. पैसे उदारीकृत प्रेषण योजनेच्या मर्यादेत, म्हणजे वर्षाला अडीच लाख डॉलरांच्या आत, अधिकृत बँकेमार्फत आणि फॉर्म एफसी भरून पाठवायचे. रिझर्व्ह बँकेकडून त्या कंपनीसाठी विशिष्ट ओळख क्रमांक मिळवायचा. आणि पुढे दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत कामगिरी अहवाल द्यायचा. कंपनी वित्तीय सेवांच्या धंद्यात नसावी, तिला तुमच्या नियंत्रणाखालची उपकंपनी नसावी आणि तिच्याकडून येणे असलेली रक्कम देय झाल्यापासून ९० दिवसांत भारतात आणावी, याही अटी आहेत. एका तरुणाने हे काहीही न करता बँकेच्या कार्डावर शुल्क भरून कंपनी काढली. तीन वर्षांनी पहिला लाभांश आला, तेव्हा बँकेने ओळख क्रमांक मागितला आणि याला तो काय असतो हेही माहीत नव्हते. विलंब शुल्क भरून प्रकरण मार्गी लागले, पण तोवर कित्येक महिने तो रोज बँकेत खेटे घालत होता.

प्राप्तिकराच्या विवरणपत्रातही ही कंपनी दाखवावी लागते. परदेशी मालमत्ता असणाऱ्याला ‘सुगम’ हा सोपा फॉर्म भरता येत नाही. मोठा फॉर्म आणि त्यातली परदेशी मालमत्तेची अनुसूची भरावी लागते. ही माहिती दडवली, तर २०१५ च्या काळ्या पैशाविरुद्धच्या कायद्याखाली दहा लाख रुपयांचा दंड होऊ शकतो. स्थावर सोडून इतर परदेशी मालमत्ता एकूण २० लाखांच्या आत असेल, तर ऑक्टोबर २०२४ पासून या दंडातून सूट आहे. पण ती दंडातून आहे, माहिती देण्यातून नाही.

तेव्हा जर्मन ग्राहकासाठी कंपनी काढू नका, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यांना एक छोटी ईमेल पाठवून अडचण व्हॅटची आहे, पैसे पाठवण्याची आहे की माहिती संरक्षणाची, एवढेच विचारा.

दंतवैद्यांच्या सॉफ्टवेअरची गोष्ट निराळी आहे. तिथे तुम्ही दोघे आहात आणि एक जण युरोपात राहतो. वस्तुतः तीच तुमच्या पत्रातली खरी संधी आहे, पण तिथेही एस्टोनिया ही पहिली निवड ठरत नाही. हेलसिंकीहून टॅलिन फेरीबोटीने दोन-अडीच तासांवर असल्यामुळे मोह होणे स्वाभाविक आहे. मात्र फिनलंडने २०२१ पासून असा नियम केला आहे की, परदेशात नोंदलेल्या कंपनीचे प्रत्यक्ष व्यवस्थापन फिनलंडमधून होत असेल, तर तिला फिनलंडची करदाती मानले जाते. तुमचा मित्र हेलसिंकीतून ग्राहक मिळवणार, करार करणार आणि निर्णय घेणार असेल, तर एस्टोनियन कंपनीला दोन देशांचे हिशेब ठेवण्याची वेळ येईल. त्यापेक्षा सरळ फिनलंडमध्येच ‘ओसाकेयुहतिओ’ म्हणजे मर्यादित कंपनी काढावी. २०१९ पासून तिलाही किमान भांडवलाची अट नाही, आणि संचालक मंडळात युरोपीय आर्थिक क्षेत्रात राहणारा किमान एक सदस्य हवा ही अट तुमच्या मित्रामुळे आपोआप पुरी होते. नफ्यावर २० टक्के कर आहे, पण तिथे राहणारा, तिथली भाषा कळणारा आणि बँकेत स्वतः जाऊ शकणारा भागीदार असणे हे कराच्या टक्क्यांपेक्षा मोठे भांडवल आहे. भारताच्या बाजूचे फॉर्म एफसीपासून पुढचे सगळे नियम तुमच्या वाट्याच्या समभागांना तेव्हाही लागू राहतीलच, म्हणून समभाग घेण्याआधी तुमच्या बँकेच्या परकीय चलन शाखेत जाऊन बोला. सांगलीच्या शाखेत हा विषय हाताळणारे कोणी नसेल, तर पुणे किंवा मुंबईच्या शाखेकडे प्रकरण पाठवायला सांगा.

मात्र तोवर घाई करू नका. चार-पाच दवाखाने पैसे देऊन ते वापरू लागेपर्यंत विक्री तुमच्या सध्याच्या व्यवसायातूनच करता येईल. दवाखाने हे व्यावसायिक ग्राहक असल्यामुळे सर्वसाधारणपणे तिथेही रिव्हर्स चार्जच येतो. फक्त अनेक दवाखान्यांची सेवा व्हॅटमुक्त असल्यामुळे त्यांना तो कर वजा मिळत नाही. त्यामुळे त्यांच्या दृष्टीने तो खर्चच ठरतो, आणि किंमत ठरवताना हे लक्षात ठेवा. पुढे कधी थेट रुग्णांना काही विकायचे ठरलेच, तर युरोपीय संघाबाहेरच्या विक्रेत्यांसाठी एक-खिडकी व्हॅट योजना आहे. तिच्यात एका सदस्य देशात नोंदणी केली, की सत्तावीस देशांतील ग्राहकांचा व्हॅट तिथेच भरता येतो आणि त्यासाठी युरोपात कंपनी लागत नाही. तुम्ही दोघांनी आज करायचे काम म्हणजे सॉफ्टवेअर कोणाच्या मालकीचे, कोणाचा वाटा किती आणि एक जण बाहेर पडला तर काय, याचा दोन पानी लेखी करार. कॉलेजच्या मैत्रीत हे लिहून घेणे जरा अवघड वाटते, याची मला कल्पना आहे. पण दोन वर्षांनी ते लिहिणे याहून अवघड जाते.

राहिला व्हिसाचा प्रश्न. ई-रेसिडेन्सी म्हणजे वास्तव्याचा परवाना नाही, नागरिकत्व नाही आणि शेंगेन, म्हणजे युरोपातील देशांच्या सामाईक व्हिसा क्षेत्रात, प्रवेशाची सवलतही नाही. त्या कार्डावर प्रवासाचा कोणताही हक्क मिळत नाही आणि ते फक्त तुमचे आहे, पत्नीचा त्याच्याशी काही संबंध नाही. मित्राला भेटायला हेलसिंकीला जायचे असेल, तर त्याचे निमंत्रणपत्र, तुमची तीन वर्षांची विवरणपत्रे आणि बँकेचे उतारे घेऊन दोघांनी नेहमीप्रमाणे फिनलंडच्या व्हिसा केंद्रात अर्ज करावा. उन्हाळ्यात जाणार असाल, तर भेटीची वेळ फेब्रुवारी-मार्चमध्येच घेऊन ठेवा.